डावखुरे वेढे

लिओना परेरा उथळसरहून रिक्षाने आली,
गिटार सोलापुरी चादरीत गुंडाळलेली.
म्हणाली, नेरूळचा एक जण चांगले पैसे देतोय,
पण आत कुणी हात घातलेला नसावा.
तुम्ही तसं लिहून द्या.

मी मोटारी भरते. पंप, पंखे, मिक्सर.
वागळे इस्टेट, पिठाच्या गिरणीमागचा गाळा.
गिटार मला वाजवता येत नाही,
पण पिकअप म्हणजे शेवटी काय,
सहा लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती
केसाहून बारीक तार, सात-आठ हजार वेढे.
तेवढं मला वाचता येतं.

आधी स्क्रू. एकाचीच खाच पसरलेली.
एका स्क्रूवरून कुणाला चोर म्हणू नये.
मग मीटर: मागचा पिकअप, सात पूर्णांक नऊ.
मे महिना, दुपारचे तीन, पत्र्याखाली चाळीस अंश,
तापलेलं तांबं आकडा फुगवून सांगतं.
रात्री नऊला पुन्हा मोजलं, सात पूर्णांक सहा.
असा आकडा मूळ मालातही सापडतो.
नुसत्या आकड्यावर सोयरीक होत नाही.

जाताजाता लिओना बोलून गेली होती,
दोन्ही एकदम लावले की पप्पांची गिटार
नाकात बोलायची.

तेव्हा काट्याचा जुना मीटर काढला,
स्क्रूड्रायव्हर चुंबकावर हलकेच टेकवला.
पुढच्याला काटा उजवीकडे उडाला,
मागच्याला डावीकडे.
होकायंत्र धरलं, दोघांचं उत्तर एकच.
वायरी पाहिल्या, काळी आतल्या टोकाला,
पांढरी बाहेरच्या, दोघांतही तशीच.
म्हणजे तारच उलटी फिरली होती.

दोरा सोडवून भिंगाखाली धरलं.
पुढच्याची तार जांभळाच्या सालीसारखी काळपट,
मागच्याची उजळ तांबूस,
रिलेच्या कॉइलला आम्ही वापरायचो ती.
आणि दोरा? चांभाराचा, मेण लावलेला.
शेवटी दोन गाठी, दुसरी उलटी.

मी चष्मा काढून ठेवला.

तांडेल मास्तर डावरे.
शिलाई मशीनचं चाक उलटं फिरवत,
चपलेच्या रबराच्या चिमटीतून तार सोडत,
ओठांत वेढे मोजत.
मध्ये कुणी हाक मारली तर तार तुटायची नाही,
हाक मारणारा तुटायचा.
मला मात्र उजवीकडून शिकवलं,
माझ्यासारखं नको करूस, गिऱ्हाईक परत येतं.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.
दोन टोकांची अदलाबदल, पाच मिनिटांचं काम,
का नाही केलं?
विसरले असतील, लग्नसराईत पंख्यांचा ढीग असायचा.
की परेराच म्हणाला, राहू दे मास्तर,
हा नाकातला आवाज बरा वाटतो?
विचारायला आता दोघंही नाहीत.
लिओना तेव्हा चौथीत होती.

बिलबुकावर लिहिलं:
मागचा पिकअप पुन्हा भरलेला. तार बदललेली,
वेढे उलटे. चुंबक मूळचे.
भरणाऱ्याच्या नावाला रकाना नाही,
म्हणून मोटारीचा हॉर्सपॉवर लिहितात तिथे
तांडेल असं लिहिलं.

लिओनाने दोनदा वाचलं.
किती कमी मिळतील, तिने विचारलं.
नाही सांगता येत, मी म्हटलं.
हवं तर टोकं बदलून देते, आवाज सरळ होईल.
तिने चादरीची घडी मोडली, पुन्हा घातली.
नको, म्हणाली. निदान आज नको.

मग मी दोरा परत गुंडाळला.
पहिली गाठ बसली.
दुसरी त्यांच्यासारखी उलटी मारू गेले,
तीनदा सुटली.
चौथ्यांदा डाव्या हाताने मारली.